साठ हजारांत काय काय बसतं

साठ हजार. त्याच्यावर एक रुपया नाही.

२०२३च्या एप्रिलमध्ये अप्रेझलचं पत्र हातात पडलं, त्याच संध्याकाळी मी स्वतःला हे बजावलं. गोव्याची ट्रिप नाही, नवा फोन नाही. या वर्षी आपण स्वतःचा पीसी घ्यायचा. लॅपटॉप नव्हे, चांगला टेबलाखाली बसणारा, घुर्र आवाज करणारा डेस्कटॉप! संध्याकाळी गेम खेळायला आणि गेली दोन वर्षं डोक्यात घोळत असलेलं अँड्रॉइड अ‍ॅप लिहायला.

घरी जाहीर केलं तर आईचा पहिला प्रश्न, ‘‘लॅपटॉप आहे की तुझ्याकडे!’’ आहे ना. ऑफिसचा. त्यावर साधा फाँट टाकायचा तरी आयटी डिपार्टमेंटला तिकीट टाकावं लागतं. स्वतःचं काम त्यावर करायचं नाही हा नियम, आणि गेमचं तर नावच काढू नका. आईला हे पटलं नाही. पण बाबा पेपरमधून डोकं वर काढून एवढंच म्हणाले, ‘‘असेंबल करणार आहेस?’’

‘‘हो.’’

‘‘मग सप्लाय कुठला घेणार ते मला आधी सांग.’’

मी हसले आणि विसरले. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर असले भारी विषय सोडून पॉवर सप्लायवर कोण बोलतं हो?

आधी लगीन ग्राफिक्स कार्डचं

आयटीतल्या माणसाला कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की तो आधी एक्सेल उघडतो. मीही उघडली. पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड टाकलं, ३५ हजारांचं. उरले २५. त्यात बाकीचा अख्खा संसार बसवायचा होता. मग काय, प्रोसेसर चार कोअरचा, रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी. शेवटच्या ओळीत ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’, जे काय मिळेल ते.

ऑफिसमधल्या एका मित्राला ही यादी दाखवली. तो कँटीनच्या चहाचा घोट घेत म्हणाला, ‘‘म्हणजे पैठणी नेसणार आणि पायात स्लीपर घालणार!’’

बरोबरच होतं त्याचं. बजेट पीसीचं गणित महिन्याच्या पगारासारखं असतं. एका खात्यात जास्त टाकले की दुसरं खातं उपाशी राहतं. प्रोसेसर कमजोर असेल तर ३५ हजारांचं कार्ड त्याची वाट बघत बसून राहतं. आठ जीबी रॅममध्ये अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर उघडला की मशीनला घाम फुटतो. २५६ जीबीच्या एसएसडीवर तर दोन मोठे गेम टाकले की तिसऱ्याला जागा नाही, आजकाल एकेक गेम शंभर-शंभर जीबी खातो.

मग त्यानेच विचारलं, ‘‘मॉनिटर कुठला आहे तुझ्याकडे?’’ मॉनिटर होता, २०२०मध्ये वर्क फ्रॉम होमच्या काळात घेतलेला. २४ इंची, १९२० बाय १०८०, साधा. ‘‘अगं, मग ३५ हजारांचं कार्ड घेऊन दाखवणार कुठे?’’

ही गोष्ट मला कुणी आधी का सांगितली नाही! कार्ड किती मोठं घ्यायचं हे आपली हौस ठरवत नाही, मॉनिटर ठरवतो. माझ्या मॉनिटरवर जेवढे पिक्सेल आहेत तेवढेच रंगवायचे. त्यासाठी २०२१मध्ये आलेलं आठ जीबीचं रेडिऑन आरएक्स ६६०० पुरेसं होतं. किंमत २१ हजारांच्या घरात. २०२१मध्ये हीच कार्डं क्रिप्टोवाल्यांनी पळवली होती आणि दुकानात मिळालीच तर दाम दुप्पट. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं मायनिंग बंद झालं. आमच्यासारख्या गरिबांना तेव्हा कुठे कार्ड परवडायला लागलं.

पंधरा संध्याकाळचा हिशेब

इथे दुसरा मोह आडवा आला. सहा हजार आणखी टाकले तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० मिळत होतं. बारा जीबी मेमरी, आणि मुख्य म्हणजे कूडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मशीन लर्निंगची बहुतेक प्रकरणं एनव्हिडियाच्या या कूडा नावाच्या प्रणालीवर सगळ्यात बिनघोर चालतात. आणि मला मशीन लर्निंग शिकायचंच होतं ना! कधीपासून? झाली असतील दोन वर्षं.

सहा हजार हा आकडा साठ हजारांत लहान नाही. म्हणून मी एक उद्योग केला. रोज रात्री झोपताना डायरीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायची, आज संध्याकाळी मी खरंच काय केलं? पंधरा दिवस. खोटं लिहायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही.

पंधराव्या दिवशी हिशेब केला. सहा संध्याकाळी काहीच नाही, ऐरोलीहून डोंबिवलीला येईपर्यंतच जीव गेलेला. पाच संध्याकाळी दादाच्या जुन्या लॅपटॉपवर गेम, तोही अडखळत. चार संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर माझं अ‍ॅप. मशीन लर्निंग, शून्य.

थोडं लागलं मनाला. पण स्वच्छही वाटलं. ते सहा हजार जिच्यासाठी जाणार होते ती मुलगी या घरात राहतच नव्हती. ती आली असती तर छान झालं असतं; पण तिच्या खोलीचं भाडं मी आत्तापासून का भरू? शिकायची खुमखुमी आलीच तर गुगल कोलॅबवर थोडाफार वेळ ग्राफिक्स कार्ड फुकट वापरायला मिळतं. तिथे महिनाभर टिकले तर मग कार्डाचा विचार. आरएक्स ६६०० पक्कं. वर लिनक्ससाठी त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात, म्हणजे माझ्यासारख्या उबंटूवर राहणाऱ्या बाईला वेगळी डोकेदुखी नाही.

बाकीच्या ओळी मग भराभर भरल्या. प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, बरोबर कूलर फुकट. गेमला पुरतो आणि कोड कंपाइल होताना बाराही थ्रेड कामाला लागतात. किंमत १३ हजार. हा जुन्या एएम४ सॉकेटचा. नवं एएम५ २०२२च्या सप्टेंबरमध्ये आलं होतं, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि तेव्हा त्याचे बोर्डही महाग होते. नव्या घराचा पाया घालायचा की जुन्या घरात चांगलं फर्निचर करायचं, असा तो प्रश्न. साठ हजारांत मी फर्निचर निवडलं. बी५५० मदरबोर्ड साडेआठ हजार, चार रॅम स्लॉटचा. १६ जीबी रॅम ३,४००, आठ-आठच्या दोन पट्ट्या. कारण एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्यांत डेटा दोन वाटांनी जातो आणि गेममध्ये तो फरक दिसतो. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी साडेचार हजार.

इथपर्यंत झाले ५०,४००. उरल्या दोन ओळी, सप्लाय आणि कॅबिनेट. आणि नेमके त्याच दोन ओळींसाठी बाबा माझ्याबरोबर यायला निघाले.

‘अंकल, बिटिया के लिए?’

शनिवारी सकाळी डोंबिवलीहून दादर, पूल चढून पलीकडे, मग स्लो ट्रेनने ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या साहेबाचं नाव अजून वायरी, केबल आणि मदरबोर्डांच्या ढिगात टिकून आहे.

पहिल्या दुकानात मी यादी पुढे केली. दुकानदाराने यादी घेतली माझ्याकडून आणि बोलायला लागला बाबांशी. ‘‘अंकल, बिटिया के लिए? गेमिंग है? ७५० वॉट का ले जाओ, टेन्शन नहीं.’’ प्रश्न मी विचारायचे, उत्तरं बाबांना मिळायची. बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘पैसे ती देणार आहे. तिच्याशी बोला.’’ बिचाऱ्याने लगेच माझ्यासाठी थम्सअप मागवलं!

बाबा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाकिटाच्या मागे लिहायला लागले. ‘‘तुझं कार्ड किती खातं?’’ १३२ वॉट. ‘‘प्रोसेसर?’’ ६५. ‘‘बोर्ड, रॅम, पंखे धर अजून साठ-सत्तर. अडीचशे-पावणेतीनशेच्या वर जात नाही. साडेपाचशेचा घे, पण खरा घे. वॅट लेबलवर छापायला काही लागत नाही.’’

मग त्यांनी सप्लायचे खोके वाचायला सुरुवात केली. ८० प्लस ब्राँझ, ठीक. पण ते शिक्कामोर्तब वीज किती वाया जाते याचं, माल किती टिकेल याचं नव्हे, हे त्यांनी दुकानदाराकडूनच वदवून घेतलं. बारा व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर? जादा व्होल्टेज आलं, शॉर्ट झालं तर स्वतः बंद पडतो का? वॉरंटी किती? तीन वर्षांचे दोन बाजूला सारले. पाच वर्षांचा उचलला, हातात तोलून बघितला. ४,३०० रुपये.

‘‘बिल के साथ जीएसटी लगेगा,’’ दुकानदार हळूच म्हणाला. बिनबिलाचा भाव ऐकून माझं मन क्षणभर डळमळलं, खोटं कशाला बोलू? पण वॉरंटीसाठी गेलं की बिल लागतं, आणि १८ टक्के वाचवून पाच वर्षांची वॉरंटी घालवण्यात काय हशील? दोन दुकानं पुढे गेलो. तिथे तोच सप्लाय ४,३००लाच, बिलासकट मिळाला.

बाबा सप्लायच्या मागे इतके का लागले होते, ते मला परतीच्या गाडीत कळलं.

आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर २००६मध्ये आला. पतपेढीतून कर्ज काढून, ‘मुलांच्या अभ्यासासाठी’. सेलेरॉन प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि कपाटाएवढा सीआरटी मॉनिटर. त्याला आईने फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं. अभ्यास किती झाला ते सोडा, व्हाइस सिटी त्यावर गोगलगाईसारखं चालायचं आणि तरी मी आणि दादा त्यासाठी मारामाऱ्या करायचो. तेव्हाच्या बिलातही शेवटची ओळ होती, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. लोडशेडिंगचे दिवस होते ते. २००९च्या पावसाळ्यात एका रात्री गेलेली वीज परत आली, खट्कन आवाज झाला, जळका वास सुटला. सप्लाय गेला. जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो होते. मामाच्या कॅमेऱ्यातून कॉपी केलेले. मामाने कार्ड केव्हाच पुसलं होतं. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली.

‘‘दिवसभर कारखान्यात लोकांचे पॅनल तपासत होतो,’’ बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘आणि घरातल्या डब्याचा सप्लाय एकदा उघडून बघितला नाही. फुकट आलाय म्हणून.’’

ठाणं येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

एक्सेलमध्ये नसलेली ओळ

रविवारी सकाळी हॉलमध्ये चटई टाकून मांडामांड केली. स्क्रू ड्रायव्हर घेणार तोच बाबा मल्टिमीटर घेऊन आले आणि थेट माझ्या खोलीतल्या प्लगकडे गेले. फेज आणि न्यूट्रल, २३०च्या आसपास, ठीक. न्यूट्रल आणि अर्थ, जिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं तिथे चाळीस! प्लगची पाटी उघडली तर हिरवी वायर सुटून लोंबकळत होती. कधीपासून, देवाला ठाऊक. मी त्याच प्लगला रोज ऑफिसचा लॅपटॉप लावत होते.

अर्धा तास अर्थिंग. मग पीसी.

जोडणं तसं अवघड नाही, फक्त घाई नको. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणायचा आणि अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी नाही, एक सोडून एक, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. दीड तासात सगळं जागच्या जागी. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले आणि मॉनिटर काळाठिक्कर. ‘नो सिग्नल’.

माझ्या पोटात गोळा! साठ हजार डोळ्यांसमोर तरळले. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं. बाबा मागून म्हणाले, ‘‘आधी वायर कुठे लावलीयेस ते बघ.’’ सवयीने मी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या मागे खोचली होती. आणि रायझन ५ ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्सच नाही, बोर्डाच्या त्या पोर्टातून चित्र येणार कुठून? केबल कार्डाला लावली, मॉनिटर जिवंत झाला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘झालं का? पोळ्या गार होतायत!’’

जेवून आल्यावर बायोसमध्ये शिरले तर ३२००ची रॅम २१३३ने धावत होती. एक्सएमपी नावाचं एक बटण असतं, ते चालू केल्याशिवाय खोक्यावर लिहिलेला वेग मिळतच नाही. कित्येक जण वर्षानुवर्षं तसेच वापरतात म्हणे. तेवढं कराच!

शंभर रुपये आणि एक चूक

आता माझी चूक. कॅबिनेट.

यादीच्या शेवटी माझ्याकडे ५,३०० उरले होते. २,२०० रुपयांचं साधं, पुढे जाळी असलेलं कॅबिनेट समोर होतं. हवा खेळती, काम झालं. पण शेजारी काचेचं होतं, चार रंगीबेरंगी पंख्यांचं, ५,२००चं. दिवे असे काही लुकलुकत होते की बस्स! बाबा काही बोलले नाहीत. मी ते घेतलं. एकूण ५९,९००. शंभर रुपये वाचले म्हणून खूश होऊन आम्ही वडापाव खाल्ला.

ते तीन हजार आणि हे शंभर धरले असते तर फक्त तीनशे रुपये कमी पडले असते आणखी १६ जीबी रॅमला. पण मी म्हटलं, दोन स्लॉट रिकामे आहेत, टाकू कधीतरी. रॅम काय, स्वस्तच होत जाणार.

आणि मग २०२५ उजाडलं. एआयच्या सर्व्हरना मेमरी हवी म्हणून चिप बनवणाऱ्यांनी आपला माल तिकडे वळवला आणि वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव आभाळाला भिडले. माझं अ‍ॅप तोवर चांगलं वाढलं होतं. एम्युलेटर, डॉकर आणि ब्राउझर एकदम उघडले की १६ जीबी गळ्यापर्यंत भरायची. डिसेंबरमध्ये त्याच दुकानात विचारलं, तर ३,४००च्या पट्ट्यांचा भाव जवळजवळ तिप्पट! काचेच्या कॅबिनेटमधले ते दिवे मी पहिल्या महिन्यातच बंद केले होते. रात्री झोपताना डोळ्यांवर येतात.

मशीनबद्दल तक्रार मात्र नाही. गेली काही वर्षं ते मुकाट काम करतंय. अ‍ॅप पूर्ण झालं, एल्डन रिंग अजून नाही. सप्लायने पावसाळ्यातले सगळे झटके पचवले. बाबा अधूनमधून खोलीत डोकावतात, डब्याच्या मागे हात धरून हवा गरम येतेय का बघतात आणि विचारतात, ‘‘फोटो दोन ठिकाणी ठेवतेस ना?’’ ठेवते. एक एसएसडीवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झालं की प्लगमधून काढलेली असते.

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एका नव्या मुलाने त्याची यादी पाठवली. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, जुना पीसी ११ घेत नाही, म्हणून नवा जुळवतोय. ‘ताई, जरा नजर टाक ना.’ पहिल्या ओळीत चाळीस हजारांचं कार्ड. खाली उतरत गेले. मॉनिटर कुठला, लिहिलेलं नाही. रॅम ८ जीबी. आणि शेवटच्या ओळीत, किमतीचा रकानाही न भरता, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’.

मेसेज टाइप करायला घेतला आणि पुसला. सरळ फोनच लावला त्याला.